पारावर दिलेला शब्द

गुलबर्गा,
रथसप्तमी, १९९०

प्रिय अंकू,

तुझं पत्र परवा मिळालं. तुरीची रास घरात आली, ज्वारी हुरड्यात आहे आणि यंदा पाखरांनी उच्छाद मांडलाय, हे सगळं वाचत होते. शेवटच्या दोन ओळींशी आले आणि चहा तसाच राहिला. तू लिहिलंस, 'आळंदच्या स्थळाला नकार कळवायचं म्हणतोय. मुलगा चांगला आहे, शोभाच्याही मनात आहे. पण तो कानडी शाळेत मास्तर. चार लोकांसमोर मी जे बोललोय त्याच्याशी हे जुळत नाही, अक्का.' पाखरांवर सात ओळी आणि पोरीवर दोन. लहानपणीही तुला जे दुखायचं ते तू असंच घाईनं सांगून मोकळा व्हायचास.

मी रागावून लिहीत नाही. आज शाळेला सुट्टी आहे, सकाळी अंगणात दूध उतू घालवलं, सूर्याला हात जोडले आणि मग लिहायला बसले. दिवाळीत शोभा इथे आली होती ना, तेव्हा एकदा मी सहज आळंदचं नाव काढलं, तर ती भरलेला तांब्या घेऊन पाणी आणायला गेली. एवढंच. ती तुला काही म्हणणार नाही. तू नकार पाठवशील, ती भाकरी थापत राहील, आणि घरात कुणालाच काही झालेलं नसेल. आपल्या घरात अशी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून मला आज थोडं मागचं बोलायचं आहे.

ती सभा तुला आठवते, हे मला माहीत आहे. छप्पन्नची दिवाळी. आपला तालुका म्हैसूर राज्यात गेला होता आणि आपल्या कोहिनूरच्या मारुतीच्या पारावर सगळा गाव जमला होता. तू दहा वर्षांचा, पाराच्या कठड्यावर पाय सोडून बसला होतास. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली, देवळाच्या भिंतीशी बायकांत उभी. अप्पांनी डोक्याचा पटका काढून मारुतीच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो तालुका पलीकडं मराठी मुलखात जाईस्तोर मी डोस्क्याला पटका लावणार न्हाई." तुला तो पटका आणि त्या टाळ्या आठवतात. पण तू समोर बसला होतास. मला अप्पा बाजूनं दिसत होते. ते बोलायला उठलेच नव्हते रे. ते कडेला तंबाखू मळत होते. एकेक जण उठत होता, काहीबाही बोलत होता, आणि पारावर नेहमी पुढे बसणारे श्रीपतराव मोठ्यानं म्हणाले, "माणिकराव, तुमी कामून गप बसलाव?" सगळ्या माना वळल्या. एका बैलाच्या शेतकऱ्याला त्या पारावर कुणी काही विचारलं असेल तर ते त्या दिवशी पहिल्यांदा. अप्पा उठले, इकडेतिकडे पाहिलं, आणि हाताला जे लागलं ते त्यांनी दिलं. हाताला पटका लागला.

त्यांच्यामागून आणखी चौघांनी पटके काढले. श्रीपतरावांनीही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापले पटके नेले, घरी खुंटीला लावले. अप्पांनी आपला नेला नाही. देवापुढं ठेवलेलं परत कसं घ्यायचं, म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी तो पायरीवर नव्हता. वाऱ्यानं गेला, माकडांनी नेला, असं म्हणता म्हणता गावानं ठरवून टाकलं की मारुतीनंच तो ठेवून घेतला. तिथून अप्पांची परतीची वाट बंद झाली.

माझ्या शाळेत सिस्टर फिलोमिना होत्या, मंगळुराकडच्या. मामांनी मला हट्टानं त्या शाळेत घातलं, नाहीतर आपल्या घरातून कोण जाणार होतं तिथे. दोन मुली भांडल्या की सिस्टर दोघींना वर्गापुढे उभं करायच्या आणि एकमेकींविषयी एकेक चांगली गोष्ट मोठ्यानं सांगायला लावायच्या. रोज एक नवी. माझं भांडण एका मुलीशी होतं. पहिल्या दिवशी मी दात खाऊन म्हटलं की तिचं अक्षर बरं आहे. मग पुढच्या दिवसासाठी मला तिच्यात काहीतरी शोधावं लागलं. शोधता शोधता ती मला आवडायला लागली, आणि आपण तिच्यावर का रागावलो होतो तेच आठवेना. मी सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तोंड पुढे जातं आणि मन मागून येतं, म्हणून उभं राहून काय बोलायचं ते जपून ठरवावं. मी तेव्हा ते देवाधर्माचं समजून सोडून दिलं. पुढे अप्पांकडे पाहून ते मला कळलं.

कारण अप्पांचंही मन मागूनच आलं. श्रीपतरावांचा पटका संक्रांतीलाच डोक्यावर परत आला. राखणीला ऊन लागतंय, म्हणाले. बाकीच्यांचेही आले. कुणी कुणाला विचारलं नाही. अप्पांना मात्र सगळे विचारायला लागले. शेजारच्या गावांतून माणसं 'उघड्या डोक्याचे माणिकराव' बघायला यायची. बसवकल्याणला सभा झाली तर त्यांना पुढे बसवायचे, हार घालायचे. मग त्यांना वाटलं, आपण हे केलंय तर ते का केलं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. तुला आठवत असेल, रोज संध्याकाळी ते तुझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे, एकेक बातमी दोनदा. आधी शब्द दिला आणि मग त्याची कारणं गोळा केली, पण गोळा केलेली कारणं त्यांनी खरेपणानं सांभाळली. मागणी खोटी होती असं मी म्हणत नाही, अंकू. आपल्या भाषेचा जिव्हाळा मलाही आहे. मी तीच शिकवते. आणि त्यांना तो मान आवडायचा, हेही मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. आयुष्यभर कडेला बसलेल्या माणसाला पुढची जागा मिळाली तर ती सोडवत नाही.

पण त्या जागेचं भाडं चढत गेलं. गुरुशांतप्पा काकांशी आपली सावड होती. आपला हौशा, त्यांचा बसव्या. एकेक बैल दोघांचा, आणि जोडी लावून आधी त्यांचं रान, मग आपलं. ते घरी कानडी बोलायचे, आपण मराठी, आणि बैलांना दोन्ही कळायचं. मी तुझी अक्का झाले आणि बाबांचे अप्पा झाले तेही त्यांच्याच घरच्या शेजारानं. पहिला पेरा जवळ आला तेव्हा पारावर श्रीपतराव सहज म्हणाले, "डोस्कं मराठी आन् बैल मातर कानडी. माणिकराव, सावड कुनाशी करायलाव?" लोक हसले. अप्पाही हसले. कुणी सावड मोडा असं सांगितलं नव्हतं. श्रीपतराव तर घरी जाऊन ते विसरलेही असतील. पण त्या वर्षी अप्पांनी हौशाला काकांच्या बांधावर नेलं नाही. बाजारातून दुसरा बैल आणला, तो हौशाच्या जोडीला कधी लागला नाही, एक पुढे एक मागे, आणि आपल्या रानातले नांगराचे तास तेव्हापासून वाकडेच गेले. हौशा काकांच्या रानाच्या वळणावर येऊन उभा राहायचा, हलायचाच नाही. बैलानं पारावर कुणाला शब्द दिला नव्हता. काका बांधाच्या पलीकडून बघायचे आणि अप्पा खाली मान घालून बैलाला ओढायचे. दोघांनी एकमेकांशी बोलणं कधी बंद केलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न. उमरग्याहून वऱ्हाड आलं, आणि मांडवात कुजबुज झाली की उघड्या डोक्यानं बाप तर सुतकात असतो, हा कन्यादान कसं करणार. मामंजी समजूतदार होते. ते अप्पांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "व्याही, घटकाभर टोपी तरी घाला, लेकीसाठी." आणि त्यांनी स्वतःची टोपी काढून पुढे केली. मी पाटावर बसले होते, मुंडावळ्यांच्या आडून मला फक्त हात दिसत होते. अप्पांचा हात पुढे झाला. बोटं टोपीला लागली. तेवढ्यात मागून आपल्याच गावातलं कुणीतरी कौतुकानं बोललं, "न्हाई घालणार. आमचे माणिकराव शब्दाचे पक्के हायेत." हात मागे गेला. तो माणूस वाईट नव्हता, अंकू. तो अप्पांचा अभिमान धरून बोलला होता. अक्षता पडल्या त्या अप्पांच्या केसांत अडकून राहिल्या, पाठवणीपर्यंत कुणी काढल्या नाहीत. सासरी जाताना मी गाडीतून वळून पाहिलं तर तेच दाणे दिसत होते.

आई मात्र त्यांना सोडायची नाही. वैशाखात ते रानातून आले की ओलं फडकं डोक्यावर थापायची आणि म्हणायची, "तुमच्या शब्दाला ऊन लागत न्हाई, डोस्क्याला लागतंय." ते हसायचे. ती गेल्यावर तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

मग अप्पांचा तेरावा. तुझ्या सासऱ्यांनी रीतीप्रमाणे दुखवट्याचा पटका आणला, घडी उलगडली, आणि तू त्यांचा हात धरलास. "अप्पांचं राहिलं ते मी चालवतो," म्हणालास. त्याच पाराला लागून मांडव होता आणि सगळा गाव बसला होता. मी तुझा चेहरा पाहिला. बोलण्याआधी तूही इकडेतिकडे पाहिलंस, अगदी त्यांच्यासारखं. अंकू, आदल्या संध्याकाळी तू मला म्हणाला होतास की आता हे सगळं संपलं, शोभाच्या लग्नात मी मोठा गुलाबी फेटा बांधणार. ते तू विसरलास असं मला वाटत नाही. रात्रीतून तुझं मत बदललं नव्हतं. सकाळी माणसं समोर बसली होती, एवढाच फरक. आणि आता दीड वर्षात तुझंही मन मागून यायला लागलंय. पेठेतल्या कानडी दुकानाऐवजी लांबच्या दुकानातून बी आणतोस, हे मला शोभाकडून कळलं. आता आळंदचा मुलगा. पारावर कुणीतरी काहीतरी हसून बोललं असेल, ते काय असेल तेही मी सांगू शकते. अप्पांची एक सावड गेली. तुझी पहिल्याच फेरीत लेक चालली आहे.

इथवर लिहून मी मघाशी उठले होते. आता जे लिहायचं आहे त्यासाठीच बसले होते, पण तिथे यायला मला वेळ लागला.

तू अप्पांचा जो फोटो पाठवलास, चंदनाचा हार घातलेला, तो मी बैठकीत लावला. शेजारची यल्लम्मा आली, तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, हे कोण. मी म्हटलं, माझे वडील. ती म्हणाली, नाही, तुझे वडील मला माहीत आहेत, रुमालाचे अज्जा. कानडीत पटक्याला रुमालच म्हणतात. मी तिला खूप सांगितलं. तिनं मान हलवली आणि शेवटपर्यंत तो फोटो अप्पांचा मानला नाही. कारण अप्पा शेवटच्या हिवाळ्यात दम्याच्या औषधासाठी माझ्याकडे येऊन राहिले होते तेव्हा तिनं त्यांना उघड्या डोक्यानं पाहिलंच नव्हतं.

ते आल्यावर आठवड्याच्या आत, दम्यानं अजून ओट्यावरही आले नव्हते तेव्हा, एका दुपारी दाराशी गुरुशांतप्पा काका उभे. त्यांची मुलगी इथे दिलेली आहे, तिच्याकडे म्हणून आले होते. काखेत कापडाची पिशवी. अप्पा पलंगावर उठून बसले. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर काकांच्या मांडीवर एक पांढरा पटका होता, लाल काठाचा. मारुतीनं नेलेला. त्या सभेच्या दुसऱ्या रात्री काकांनीच तो पायरीवरून उचलला होता. दंव पडेल, खराब होईल, म्हणून. चार दिवसांत माणिकरावाचा राग उतरला की नेऊन देऊ, असं त्यांच्या मनात होतं. चार दिवस झाले, मग सावड तुटली, मग द्यायला तोंड राहिलं नाही. गुरुबाई काकू दर वर्षी दिवाळीला तो धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायच्या. मारुतीनं नेला असं गाव म्हणत होतं आणि तो बांधापलीकडच्या घरात होता.

काका गेल्यावर अप्पांनी दार लोटून घेतलं. मी फटीतून पाहिलं. आरशासमोर उभे होते, एक टोक दातात धरलेलं, आणि हात आपसूक फिरत होते. इतक्या वर्षांत हात विसरले नव्हते. त्यानंतर रोज सकाळी ते पटका बांधून ओट्यावर बसायचे, यल्लम्माशी कानडीत पावसापाण्याचं बोलायचे, पोरांना गोळ्या द्यायचे. काका आठवड्याला यायचे; दोघं मिळून हौशा आणि बसव्याच्या गोष्टी काढायचे. मी अप्पांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं. एकदा मी विचारलं, अप्पा, इथे कसा काय बांधलात. म्हणाले, "हितं मला कोन वळखतंय?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मी बोललो ते खोटं न्हवतं, सुभद्रे. पर ते येवढं मोठं बी न्हवतं. लोकांनी मोठं केलं, आन् मग मी त्येच्यायेवढा व्हायला गेलो."

उगादीचा पाडवा झाल्यावर ते गावी निघाले. मी बसस्टँडवर सोडायला गेले. बसवकल्याणच्या गाडीत खिडकीशी बसले, आणि गाडी सुटायच्या आधी त्यांनी पटका सोडला, मांडीवर घडी केली, खिडकीतून माझ्या हातात दिला. माझा हात आपल्या हाताखाली धरून म्हणाले, "अंकूला सांगू नगंस. पोराला वाटंल, बाप खोटा हुता." मी शब्द दिला. पाच-सहा माणसं ऐकत होती. तेराव्याला तू तुझ्या सासऱ्यांचा हात धरलास तेव्हा तो पटका माझ्या पिशवीत होता आणि त्यांचा शब्द माझ्या तोंडावर.

तो शब्द मी आज मोडला, अंकू. मरणाऱ्या बापाला दिलेला. मोडायच्या आधी दोन दिवस मला अन्न गेलं नाही, आणि मोडल्यावर बघते तर मी तीच आहे, अप्पाही तेच आहेत, उलट मला ते जास्त जवळचे वाटतायत. तुला ते खोटे वाटतील असं त्यांना भय होतं. मला तसं वाटत नाही. तू त्यांचा मुलगा आहेस, तुला त्यांचं ते ओट्यावरचं हसू कळेल. आळंदला नकार पाठवू नकोस. काल मी काकांना त्यांच्या मुलीकडे भेटून आले. ऐंशीला टेकलेत, काठी लागते, पण म्हणाले, "मी उचललाय, मीच बांधणार." आम्ही दोघं येत्या सोमवारी दुपारच्या गाडीनं कोहिनूरला येतो. तो पटका तुझ्या डोक्याला घरात दार लावून नाही बांधायचा. अप्पांनी तसा बांधला आणि त्यांना तो एका हिवाळ्यापुरताच मिळाला. जे पारावर बोललं गेलं ते पारावरच सुटलं पाहिजे. लोक असतील, श्रीपतरावही असतील, कुणीतरी काहीतरी हसून बोलेलही. तेव्हा तू इकडेतिकडे बघू नकोस, फक्त माझ्याकडे बघ. शोभालाही तिथे उभी कर. आणि एक सांगते, या पत्राला उत्तर लिहू नकोस. 'होय' लिहू नकोस, 'नाही' तर मुळीच लिहू नकोस. एकदा लिहिलंस की तू ते धरून बसशील, तुला मी ओळखते. नुसता गाडीच्या वेळेला फाट्यावर ये, काकांना हाताला धरून उतरवायला कुणीतरी लागेल.

तुझीच,
अक्का